चौथी झोळी

कांताबाईंच्या घरी कोणी मुलासाठी चौकशी करायला आलं की त्या आधी पाणी द्यायच्या. स्टीलचा पेला, खाली छोटी ताटली, पाणी काठोकाठ. मग समोर बसून बोलायला लागायच्या. पण बोलताना त्यांचं लक्ष माणसाच्या तोंडाकडे नसे, गळ्याकडे असे. पाणी गळ्याखाली उतरतंय की नाही, तेवढंच बघायचं. पेला रिकामा झाला तर मूल येणार. पेला तसाच राहिला तर "कळवतो" म्हणून गेलेलं माणूस पुन्हा गल्लीत दिसायचं नाही. ही परीक्षा त्यांची त्यांनीच शोधून काढली होती आणि तिच्यावर त्यांचा पुरा भरवसा होता.

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातली ती गल्ली एकेकाळी मिलच्या भोंग्यावर उठायची आणि भोंग्यावर जेवायची. मग मिलला कुलूप लागलं. फाटकावर 'पुढील सूचनेपर्यंत' अशी पाटी आली, आणि पुढली सूचना काही आली नाही. वाल्मिक, कांताबाईंचे यजमान, साचेखात्यात, मागांवर होते. मोठ्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे घरातही ओरडून बोलायचे. आता ते ओट्यावर बसून बिडी ओढत आणि गल्लीतून जाणाऱ्याला हाक मारून मिलच्या कोर्टकेसची बातमी विचारत.

शेजारची नर्स आपला मुलगा कांताबाईंकडे ठेवून ड्यूटीवर जायला लागली. तिचं बघून आणखी एकीने ठेवला. असं करता करता त्या घराचं झूलाघर झालं. पाळणाघर हा शब्द इंदुरात फक्त मराठी शाळेतल्या बाई वापरत; बाकी सगळ्यांचं ते झूलाघरच. पाळणे मात्र तिथे नव्हते. माळ्याच्या आडव्या वाशाला वाल्मिकनी चार कड्या ठोकल्या होत्या, आणि मिलमधून शेवटच्या दिवाळीला मिळालेल्या जाड लठ्ठ्याच्या कापडाच्या झोळ्या कांताबाईंनी स्वतः शिवल्या होत्या. चारच. पाचवं मूल त्या घेत नसत. "चारांपर्यंत लेकरं," त्या म्हणत, "त्यापुढं मेंढरं."

वाशाखालच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांचा फोटो आणि सासऱ्यांचा पलटणीतला फोटो. महूच्या छावणीत काढलेला, मिशा वर, छाती पुढे. आलेल्या माणसाची नजर घरभर फिरत फिरत या भिंतीशी यायची आणि जरा वेळ थांबायची. पेल्याकडे निघालेला हात त्यानंतर कधी कधी मांडीवर परत यायचा.

याचाही कांताबाईंना एव्हाना राग येत नसे. राग येऊन येऊन संपला होता. उरली होती ती किळस. बशीच्या कडेला सांडलेला चहा वाळून चिकट व्हावा, तशी ती मनाला चिकटून असे. एक बाई आल्या आणि त्यांनी विचारल्याशिवाय डाळीचा डबा उघडून वास घेतला. एकीने झोळीतलं दुपटं उलटं करून नाकाला लावलं. एक गृहस्थ बूट न काढता आत आले आणि मुलं इथली भाषा तर उचलणार नाहीत ना, असं त्याच भाषेत विचारून गेले. आणखी एकांनी "मतलब, तुम्ही लोक नॉनव्हेज..." एवढं म्हणून वाक्य तसंच हवेत सोडलं.

"वाक्य पुरं करा ना," कांताबाई म्हणाल्या होत्या.

"नाही नाही, सहज. आम्ही सोचके बताते."

नाही असं कोणी म्हणत नसे. तोंडावर नाही म्हणणारं माणूस भेटलं असतं तर कांताबाईंनी त्याला पोहे करून घातले असते. सगळे गोड हसत, मुलाच्या गालाला हात लावत, "छान ठेवलंय हो" म्हणत आणि कळवतो म्हणून जात. त्या कळवण्याची वाट बघत जागा अडून राही, दुसऱ्या कोणाला हो म्हणता येत नसे, आणि वाल्मिक ओट्यावरून विचारत, "काय गं, कळवलं का?"

"मिलनं तुम्हाला कळवलं का?" कांताबाई आतून म्हणत.

"ते सरकारी काम आहे."

"हे पण तसंच आहे."

त्या वर्षी चैत्रातच ऊन तापलं. नर्सच्या मुलासकट तीन मुलं होती, चौथी कडी रिकामी होती. तेव्हा चारुलता आली.

ती पलासियाला एका नव्या फायनान्स कंपनीत होती. तिचा नवरा श्रीपाद कॉम्प्युटर क्लास चालवायचा. मारुती गाडी गल्लीत शिरेना म्हणून तोंडाशीच लावून ती उन्हातून चालत आली. मुलगा पियुष, नुकता बसायला लागलेला, कडेवर घामाघूम. तिने चप्पल बाहेर काढली. भिंतीकडे बघितलं आणि हसली. कांताबाईंनी पेला पुढे केला. चारुलताने तो उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"मावशी, अजून मिळेल?"

दुसरा पेलाही तिने संपवला. कांताबाई तिच्या गळ्याकडे बघत राहिल्या.

"मी त्यातली नाही हं," पेला खाली ठेवत चारुलता म्हणाली. आपण कुठल्यातल्या नाही, हे तिने सांगितलं नाही. कांताबाईंनाही विचारायची गरज वाटली नाही. तिने मुलं कधी झोपतात, काय खातात ते विचारलं. डबे उघडले नाहीत. उठताना म्हणाली, "माझ्याकडून पक्कंच समजा, मावशी. फक्त घरी बोलून फायनल कळवते."

कळवते हा शब्द आलाच होता. पण रिकामा पेला समोर होता, आणि एकदा नाही, दोनदा रिकामा झालेला. ती गेल्यावर कांताबाईंनी ट्रंकेतून ठेवणीतली झोळी काढली, उन्हात टाकली आणि चौथ्या कडीला बांधली.

"कोणाची?" वाल्मिकनी विचारलं.

"पलासियावाल्यांची. दोन पेले प्यायली."

"मग तर रजिस्ट्रीच झाली," वाल्मिक म्हणाले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, दुपारी मुलं पेंगत असताना, दारात एक बारीकशी बाई उभी राहिली. अंगात साडीवर कंपनीचा निळा कोट, बोटाला धरलेली दोन-अडीच वर्षांची मुलगी. नाव शारदा, म्हणाली. मराठा घरातली, सासर हातोदचं. नवरा, शाम, सियागंजात एका दुकानावर. ती स्वतः पीथमपूरच्या कारखान्यात दुपारपाळीला लागली होती आणि कंपनीची बस चौराह्यावर यायला थोडाच वेळ होता.

"शेजारीण सांभाळत होती, मावशी, ती गावी चालली. शाम संध्याकाळी घ्यायला येतील. ईशा त्रास देत नाही."

कांताबाईंनी सवयीने पाणी दिलं. शारदाने पेला घेतला, ईशाच्या तोंडाला लावला. मुलीने दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं. शारदाने पेला ताटलीवर परत ठेवला. स्वतः ओठही लावले नाहीत. बाहेर झळा मारत होत्या, बाईचे ओठ सुकून पांढरे पडले होते, तरी नाही.

"पाणी घे ना," कांताबाई म्हणाल्या. एरवी त्या असं म्हणत नसत.

"नको, मावशी."

कांताबाईंनी ताटलीवरच्या पेल्याकडे बघितलं. मुलीला चालतं, हिला चालत नाही. तहानेनं जीव चाललाय, पण या घरचं पाणी नको. आणि लेकरू मात्र आम्ही सांभाळायचं.

"जागा भरलीये," त्या म्हणाल्या.

शारदाने वाशाकडे बघितलं. चौथी झोळी रिकामी हलत होती.

"ती?"

"बोललेली आहे."

"कळलं तर सांगाल का, मावशी? नाहीतर मला हिला हातोदला टाकावं लागेल, सासऱ्यांकडे. सासू नाही. ते एकटे शेतात असतात, तिथं विहीर..." तिने पुढचं गिळलं. "मी चौराह्यावर रोज याच वेळी असते."

"बघते," कांताबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून तो शब्द किती सहज आला, याचं त्यांना त्या वेळी काही वाटलं नाही. शारदाने वाद घातला नाही. मुलीला उचललं आणि बस चुकू नये म्हणून जवळजवळ पळत गेली.

मग चारुलता पुन्हा आली, या वेळी श्रीपादला घेऊन. त्याच्या गळ्यात कॅमेरा होता. त्याने पाणी घेतलं, चहाही घेतला, वाल्मिकना "क्या हाल है, भिया" केलं. मग म्हणाला, "मावशी, एक फोटो काढू? घरी दाखवायला. आईला बघायचंय, नातू कुठे राहणार ते."

कांताबाईंनी चटकन केसांवरून पाण्याचा हात फिरवला आणि दाराशी, उजेडात उभ्या राहिल्या. रोज सकाळी मुलांची नखं काढायची जागा तीच होती.

"नाही, इकडे. इथे लाइट चांगला येतो." श्रीपादने त्यांना वाशाखाली, भिंतीला लागून उभं केलं. पियुषला चौथ्या झोळीत ठेवलं, झोळीची कड कांताबाईंच्या हातात दिली. त्या कोपऱ्यात भर दुपारी बल्ब लावावा लागे. पण कॅमेऱ्यातलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून त्या हसल्या. फोटो काढून घेणं त्यांच्या वाट्याला फारसं आलं नव्हतं.

"फायनल कळवतो," जाताना दोघं एकदम म्हणाले.

दिवस गेले. झोळी रिकामी. बाकीची तीन मुलं तिच्याखालून रांगत, तिला ओढत, नर्सचा मुलगा तिच्यात आपला लाकडी बैल झोपवत असे. आणखी दोघं येऊन विचारून गेले, त्यांना कांताबाईंनी जागा नाही म्हणून सांगितलं. चौराह्यावर त्या गेल्या नाहीत.

शेवटी आली ती चारुलता नव्हे. एका दुपारी रिक्षातून एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई उतरल्या आणि काठी टेकत गल्लीत आल्या. कडेवर पियुष. हाशहुश करत त्या ओट्यावरच बसल्या. वाल्मिक उठून उभे राहिले.

"कांताबाई तुम्हीच ना? मी वसुंधरा. श्रीपादची आई, ग्वाल्हेरची." त्यांनी पर्समधून फोटो काढला. "ओळखलं मी. फोटोत जरा काळसर आलात."

कांताबाईंनी फोटो हातात घेतला. त्या स्वतः त्यात कडेला होत्या, चेहरा अर्धा अंधारात. मुलगा झोळीत, कपाळाला आठी. आणि मधोमध, चांगला ठसठशीत, बाबासाहेबांचा फोटो.

"काय झालं सांगते," वसुंधराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शाळेच्या तासासारखा स्पष्ट होता. "मी यायला तयार नव्हते. माझं ग्वाल्हेरला सगळं आहे, माझ्या मैत्रिणी, माझं भजन. नातू सांभाळायला ये म्हणून तो झाल्यापासून दोघं मागे लागले होते. मग हा फोटो पोस्टानं आला. खाली लिहिलेलं, तू नाही आलीस तर पियुष उद्यापासून इथे. मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसले. काय करणार?"

कांताबाईंनी फोटो ओट्यावर ठेवला.

"भिंत मुद्दाम घेतलीय त्यात. माझा मुलगा आहे, मला ठाऊक आहे तो. मला काय दिसलं की मी उठून येईन, हे त्यानं बरोबर ओळखलं. आणि मी आले." त्या थांबल्या. "आता येऊन बघते, तर सून रोज रात्री आठ वाजता येते आणि मी याच्यामागे धावून मेले. म्हणून म्हटलं, स्वतः बघावं. बाई, घेता का याला? मी परत जाते."

वाल्मिक हसायला लागले आणि कांताबाईंचं तोंड बघून गप्प झाले.

कांताबाईंना चारुलता आठवली. ते दोन पेले पाणी. तो घटाघट हलणारा गोरा गळा. "मी त्यातली नाही." तिला चौकशी करायचीच नव्हती. आपलं घर, आपली भिंत, आपण स्वतः. म्हातारीला घाबरवायला यातलं काय काय लागतं, एवढंच ती बघायला आली होती. आणि आपण झोळी उन्हात टाकली, केस नीट केले.

"पाणी तरी द्याल का?" वसुंधराबाईंनी विचारलं. "आज दिलं नाहीत. सून सांगत होती, तुम्ही आधी पाणी देता म्हणून."

कांताबाईंनी पाणी आणून दिलं आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. म्हातारी प्यायली की नाही ते त्यांनी बघितलं नाही. बघायची इच्छाच मेली होती. आयुष्यभर लोकांनी आपल्या हाताकडे बघितलं, आणि आपण काय शोधून काढलं, तर लोकांच्या गळ्याकडे बघायचं.

"जागा नाही, आजी," त्या म्हणाल्या.

"ही रिकामी दिसतेय ती?"

"नाही. म्हणजे नाहीच. कळवत नाही, बघत नाही. नाही."

वसुंधराबाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं आणि काठी उचलली. "बरं झालं सरळ सांगितलंत," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात ते कोणाला येत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी कांताबाईंनी मुलं वाल्मिकच्या हवाली केली. "बिडी विझवा आणि ओरडून बोलू नका," एवढं बजावून त्या चौराह्यावर गेल्या. निंबाच्या तुटक सावलीत निळ्या कोटातल्या पोरी उभ्या होत्या. शारदा कडेला होती, एकटीच.

"पोरगी कुठंय?"

"हातोदला. टाकून आले, मावशी." तिने मान वर केली नाही. "जाऊन झाले बरेच दिवस."

"जागा आहे."

"तुम्ही तर म्हणालात भरली."

"बोललेली होती. पण रिकामी होती. तुला द्यायची नव्हती म्हणून दिली नाही." कांताबाईंना ते सांगताना घाम आला, पण आता अर्धवट सांगायचं नव्हतं. "तू पाणी प्यायली नाहीस. मला वाटलं, आमच्याकडचं चालत नाही तुला."

शारदा त्यांच्याकडे बघतच राहिली. मग शेजारच्या पोरीकडे वळून म्हणाली, "ऐक. मी पाणी प्यायले नाही म्हणून." ती पोरगी फिसकन हसली, तिच्या हसण्यात काही आनंद नव्हता.

"मावशी, आमच्यातली कोणीच पीत नाही," शारदा म्हणाली. "बसमध्ये तासाच्या वर वेळ जातो. लाइनवर उभं राहिलं की जेवणाची सुट्टी होईपर्यंत बाथरूमला सोडत नाहीत. सुपरवायझर उभा असतो, सगळ्यांसमोर विचारावं लागतं. म्हणून घरून निघायच्या आधीपासूनच बंद. त्या दिवशी तो पेला माझ्या नाकाशी होता तर मला रडू येत होतं."

मिलमध्ये बायांसाठी मोरीकडे जायची वेगळी वाट होती, वाल्मिक नेहमी सांगायचे. कांताबाईंना ते उगाच आठवलं. नव्या कारखान्याची, त्या सुपरवायझरची त्यांना किळस आली. मग स्वतःचीही आली, आणि ती गेली नाही.

"आण पोरीला," त्या म्हणाल्या.

"आता माझ्या हातात नाही हो. सासरे म्हणतात, आली ती राहू दे, तुम्हा शहरवाल्यांचं आज एक, उद्या एक. शामना सांगते, ते विचारतील." बस आली. शारदा पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, "कळवते, मावशी."

कांताबाई उन्हात उभ्या राहिल्या. ज्या शब्दानं त्यांचं डोकं उठायचं, तो आज त्यांनी मुकाट्याने घेतला आणि घरी आल्या.

चौथी झोळी त्यांनी सोडली नाही. नवी माणसं येत, डोकावत, वास घेत. त्या म्हणत, भरलीये. वाल्मिक ओट्यावरून विचारत, "कोणाची?"

"आहे एकीची."

"पाणी प्यायली का?"

"तुम्ही गप्प बसा," कांताबाई म्हणत. त्यांनी पेला आणि ताटली मांडणीवर वर ठेवून दिली होती. दाराबाहेर, ओट्याच्या सावलीत एक माठ ठेवला होता, त्यावर झाकण आणि लांब दांड्याचा ओगराळा. ज्याला हवं त्याने घ्यावं. नको त्याने घेऊ नये. त्या आतच असत.

मंडीत लसूण उतरवायच्या दिवसांत, एका सकाळी ओट्यापाशी डोक्याला फेटा गुंडाळलेला, उन्हाने रापलेला एक म्हातारा येऊन उभा राहिला. खांद्यावर ईशा, हातात लसणाची गड्डी.

"मी तुकोजी, हातोदचा," तो म्हणाला. "झूलाघर हेच का?"

कांताबाईंनी त्याला आत घेतलं आणि मन घट्ट केलं. म्हाताऱ्याने घरभर नजर फिरवली. भिंतीशी ती थांबली. सासऱ्यांच्या मिशांवर जरा जास्तच वेळ थांबली.

"पलटणीत होते?"

"हो."

"हं," तो म्हणाला. मग चौथ्या झोळीपाशी गेला, दोन्ही हातांनी लठ्ठा धरला आणि सगळा भार टाकून खाली ओढला, एकदा आणि पुन्हा एकदा. कडी करकरली, वासा हलला नाही. गाठ बघितली, अंगठ्याने दाबली. डबे उघडले नाहीत, दुपट्याचा वास घेतला नाही.

"विहिरीवर एकटी जाऊन बसते ही," तो कोणाकडेच न बघता म्हणाला. "परवा काठावर सापडली. माझ्यानं होत नाही आता."

त्याने ईशाला झोळीत ठेवलं. मुलीने कड धरून बाहेर डोकं काढलं आणि नर्सच्या मुलाच्या बैलाकडे हात केला. लसूण मांडणीवर ठेवून तुकोजी बाहेर गेला. जाताना कळवतो म्हणाला नाही, काहीच म्हणाला नाही.

ओट्यावर माठाचं झाकण वाजलं. कांताबाईंनी दाराकडे पाठ केली आणि दोन मुलांमध्ये बैलावरून लागलेलं भांडण सोडवायला खाली बसल्या.